वाढणारीचं पान

नागपुरात जानेवारी लागला आणि रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग दिसायला लागले, की मला सॅनिटायझरचा वास येतो. वास संत्र्याचाच असतो, मला कळतं. पण नाकाला कोण समजावणार? साल सोलताना तो बारीकसा फवारा उडतो ना, तो बोटांवर पडला की मन थेट त्या हिवाळ्यात जाऊन बसतं. आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या व्हरांड्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, उन्हाकडे पाठ करून. नवरा म्हणतो, "लोकांना संत्र्यानं तरतरी येते, तुला ऑफिस आठवतं. कठीण आहे." म्हणू दे. त्यानं तो हिवाळा घरात बसून पोरांना ऑनलाइन गणित शिकवण्यात घालवला. त्याला काय कळणार तो व्हरांडा!

परवा अशीच संत्रं सोलत बसले होते, तर फोन वाजला.

"मॅडम, रविवारी येऊन राहिल्या ना जी? रोडगे करते. वांग्याची भाजी. साहेबांले बी आणजा."

काळबांडे सिस्टर. दरवर्षी संक्रांतीच्या मागेपुढे त्यांचा हा फोन येतो आणि दरवर्षी मी तीच अट घालते.

"येते, पण तुम्ही माझ्याबरोबर पानावर बसायचं. नंतर-बिंतर काही चालणार नाही."

"हो जी, बसते ना, काहून नाही बसणार," सिस्टर इतक्या पटकन म्हणाल्या, की खोटं बोलताहेत हे तिथल्या तिथं कळलं.

तर तो हिवाळा. कोरोनावरची लस नुकतीच हाती आली होती आणि पहिला मान आरोग्याचं काम करणाऱ्यांचा, असं ठरलं होतं. डॉक्टर, परिचारिका, आशाताई, वॉर्डातल्या आया, झाडपूस करणाऱ्या मावश्या, अँब्युलन्सचे चालक, सगळे. राज्यभरातल्या या माणसांच्या लसीकरणाची घडी बसवायला जी तुकडी नेमली होती, तिच्यात मी होते. राज्य समन्वयक! काय भारदस्त वाटतं ऐकायला. माझ्या आईनं तर गल्लीत सांगून ठेवलं होतं, की अख्ख्या महाराष्ट्राला लस आमची पोरगी देते. प्रत्यक्षात मी काय देत होते? फोन. सकाळी गडचिरोली, दुपारी सिंधुदुर्ग, चहा निवेपर्यंत नंदुरबार. लस कुठं पोचली, कुठं वाटेत अडकली, पोर्टल कुठं बंद पडलं, कुणाचं नाव दोनदा आलं, कुणाचं आलंच नाही. प्रवास नको म्हणून जो तो आपापल्या गावी बसून काम करत होता. माझं टेबल नागपुरात, त्या प्रशिक्षण केंद्राच्या कोपऱ्यातल्या खोलीत, जिथं पंखा होता पण हीटर नव्हता. हिवाळ्यात!

फोनपलीकडच्या माणसांना मी कधी पाहिलं नाही, आजही पाहिलेलं नाही. पण आवाजावरून त्यांचा स्वभाव ओळखायला लागले होते. कोल्हापूरचे एक साहेब चिडले की आवाज चढवण्याऐवजी उतरवायचे. रत्नागिरीच्या बाई प्रत्येक उत्तराआधी एक लांब उसासा टाकायच्या, उत्तर चांगलं असलं तरी. आणि माझं बिंग दोन वाक्यांत फुटायचं. "मॅडम नागपूरच्या का?" "कशावरून?" "आत्ता तुम्ही 'काय करून राहिले' म्हणालात." म्हणाले असेन. डोकं तापलं की माझी शाळेतली मराठी मागं राहते आणि घरची पुढं येते.

माझ्या खिडकीतून तो व्हरांडा दिसायचा, कारण त्याच आवारात एक लसीकरण केंद्रही उघडलं होतं. लस घेतली की अर्धा तास तिथं बसायचं, चक्कर-बिक्कर येत नाही ना ते बघायला, असा नियम. हा नियम मी रोज फोनवरून राज्याला पढवत होते. पण तो पाळणं किती अवघड आहे, हे मला त्या खिडकीतून कळलं. या बायकांना बसताच येत नव्हतं हो! वर्षभर पायाला भिंगरी लावून वॉर्डात पळालेल्या. खुर्चीत टेकल्या की पाच मिनिटांत उठायच्या, रांगेतल्या खुर्च्या सारख्या करायच्या, कुंडीतली वाळकी पानं खुडायच्या. एकीनं तर कोपऱ्यातला खराटा उचलून अंगण झाडायला घेतलं. मी खिडकीतून ओरडले, "मावशी, बसा! तुम्हाला अर्धा तास बसायचा आदेश आहे!" तर ती म्हणते कशी, "बसूनच होती जी, फक्त हातानं झाडून राहिली."

मग हळूहळू त्यांना बसण्याची गोडी लागली. उन्हात खुर्च्या ओढायच्या, एकमेकींपासून दूर, पण बोलता येईल इतक्याच दूर. मुखपट्टीआडून गप्पा चालायच्या. कुणाची सासू, कुणाचा मुलगा, कोणत्या वॉर्डातली कोणती रात्र.  वर्षभरात गेलेली माणसं त्या अर्ध्या तासात त्यांना आठवायची, कारण त्याआधी आठवायलाही सवड नव्हती. मी फोन कानाला लावून ते बघत राहायचे आणि पलीकडून कुणीतरी "हॅलो, हॅलो मॅडम" करत राहायचं.

आणि साड्या! लस घेतानाचा फोटो निघणार, हे कळल्यावर ज्या साड्या बाहेर निघाल्या, देवा रे. जन्मभर दुसऱ्यांना "बाळाला सैल बाहीचं घालून आणा वं" असं बजावणाऱ्या या बाया, स्वतः आल्या त्या कोपरापर्यंत घट्ट बसलेल्या रेशमी ब्लाउजात. बाही काही केल्या वर सरकेना. पडद्याआड ओढाताण, हसणं, एखादी टाच उसवल्याचा आवाज. काळबांडे सिस्टर हातात सुई धरून शांतपणे थांबायच्या. "होऊ द्या, होऊ द्या. मुहूर्त टळून नाही राहिला," म्हणायच्या.

काळबांडे सिस्टर या केंद्रावर टोचायला होत्या. मूळ घर काटोलकडचं, संत्र्याचा बगीचा. नवरा तिकडं झाडं सांभाळायचा, या नोकरीपायी नागपुरात, काटोल रोडवरच्या दोन खोल्यांत एकट्या. उंचीला बेताच्या, आवाजाला भरपूर. नवरा एसटीच्या कंडक्टरच्या हवाली संत्र्याचं खोकं करायचा आणि सिस्टर ते सरळ व्हरांड्यात आणून ठेवायच्या. सुई घेतलेल्या प्रत्येकीला एक संत्रं. खायचं ते टोकाच्या खुर्चीवर, एकेकीनं जाऊन. त्या टोकाच्या खुर्चीखाली संध्याकाळी सालींचा ढीग असायचा. वास तिथूनच माझ्या नाकात शिरला तो कायमचा.

त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी. गांधीबागेत दिलेली, कापडाच्या दुकानदारांकडं. खाली दुकान, वर घर. काटोल रोडवरून गांधीबाग म्हणजे काही दूरदेश नाही, पण मायलेकींनी वर्षभर एकमेकींना हात लावला नव्हता. सिस्टर कोरोनाच्या वॉर्डात होत्या, मग तपासणीला, मग इथं. रविवारी त्या स्कूटर घेऊन गांधीबागेत जायच्या आणि दुकानाखाली उभ्या राहायच्या. पल्लवी वरून दोरीला पिशवी बांधून सोडायची, सिस्टर त्यात संत्री भरायच्या, पिशवी वर जायची. मग खालून वर आणि वरून खाली ओरडून बोलणं, गल्लीतल्या हमालांनाही ऐकू जाईल असं. आणि आता पल्लवीला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर आपल्याकडची रीत. पण पल्लवीच्या सासरी त्या साथीत एक जण गेला होता, आणि तिच्या सासूनं स्पष्ट सांगितलं होतं, "सिस्टरबाईंनी लशीचे दोन्ही डोस घेतले, की पोरीले खुशाल न्या. त्याच्याआधी मी पाठवणार नाही." मला त्या सासूचा राग आला नाही. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

हे सगळं मला कळलं ते व्हरांड्यातून कानावर येणाऱ्या फोनमुळं. सिस्टरचा आवाज भिंतींना जुमानत नसे. "घेतली नाही वं अजून. उद्या घेते. हो, उद्या पक्कं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पल्लवीच्या पोटातलं दिवसादिवसानं वाढत होतं आणि सिस्टरचा उद्या काही उजाडत नव्हता. दोन डोसांमध्ये महिन्याचं अंतर. उशीर झाला की पोरगी तिकडंच अडकणार, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

एका संध्याकाळी मी खाली जाऊन त्यांना धरलंच. "सिस्टर, सगळ्या नागपूरला टोचून झालं. तुम्ही काहून घेत नाही?"

"घेते ना जी. सगळ्याईचं होऊ द्या."

"सगळ्यांचं कधी होणार? भीती वाटते का?"

"भ्या?" त्या अशा हसल्या की मलाच लाज वाटली. "मॅडम, पंगतीत वाढणारी पयले जेवते का जी? पयले पाव्हणे, मंग घरचे, मंग वाढणारी. माह्या मायनं जल्मभर असंच केलं."

"सिस्टर, ही पंगत नाही!"

"मंग काय आहे? लोकं बसवली, पानं मांडली, अन् मी वाढून राहिली."

मी चिडून वर आले.

पण खरी गोम पुढंच होती. लशीची एक बाटली म्हणजे दहा जणांची. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरलं ते टाकायचं. दिवसभर बाटलीमागून बाटली नेमकी संपायची, आणि संध्याकाळी सिस्टरची पाळी येईपर्यंत शेवटची बाटली रिकामी झालेली असायची. आता एकटीसाठी नवी उघडायची म्हणजे बाकीच्या नऊ जणांचे घास कचऱ्यात. सिस्टरच्या घरी अन्न टाकत नाहीत. शिळी पोळी दुसऱ्या दिवशी कुस्करून फोडणीला टाकणारी ही बाई, लस टाकून देईल? कधी त्यांच्या हलक्या हाताला बाटलीच्या तळाशी अकरावा डोस सापडायचा. तो त्या फाटकावर थांबलेल्या अँब्युलन्सच्या चालकाला बोलावून द्यायच्या. म्हणजे पातेलं पुसून निघालं तरी वाढणारी उपाशीच.

मला एक शंका आली. दुसऱ्या दिवशी मी नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवून रत्नागिरीच्या बाईंना विचारलं, "तुमच्याकडं ज्या टोचतात, त्यांनी स्वतः घेतली का?"

लांब उसासा. "त्या म्हणतात, सगळ्यांचं आटोपलं की आम्ही घेऊ."

कोल्हापूरच्या साहेबांचा आवाज एकदम खाली गेला. "आमच्या बायका ऐकत न्हाईत मॅडम. लोकांचं होऊ दे, मग आमचं, म्हणतात."

मी कपाळाला हात लावला. फोन फिरवत गेले आणि जिकडंतिकडं तेच ऐकत गेले. गावं वेगळी, बोली वेगळ्या, पण ज्या हातांनी राज्याला टोचलं जात होतं, त्यांचेच दंड तेवढे कोरे. एवढा मोठा कार्यक्रम, एवढी यंत्रणा, आणि कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं की आपण हे काम अशा बायकांवर सोपवलंय, ज्यांना आधी जेवायची सवयच नाही. मग मी एक कडक सूचना काढली. 'लस टोचणाऱ्या कर्मचाऱ्यांनी स्वतःचे लसीकरण प्राधान्याने करून घ्यावे.' छान, सरकारी, इस्त्री केलेली मराठी. राज्यभरातून उत्तरं आली, 'नोंद घेतली.' आणि कुणीही घेतली नाही.

तेव्हा मी लताबाईला गाठलं. लताबाई वॉर्डातली आया, आमच्या केंद्रावर रांग लावायला नेमलेली. रांग तिच्या नुसत्या नजरेनं सरळ व्हायची. पल्लवीचं, सासूचं, बाटलीचं सगळं मी तिला सांगितलं, आणि मुद्दाम सांगितलं, कारण लताबाईच्या कानात घातलेली गोष्ट नुसती पडून राहत नाही. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "पाहतेच मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कन्हानकडच्या दवाखान्यातून जीप भरून बाया आल्या होत्या. रांग लागली. लताबाई स्वतःच पहिल्या खुर्चीवर, तिची लस तिनं आजवर राखून ठेवली होती की काय कोण जाणे. सिस्टरनी बाटली काढली, तारीख वाचली, रबरी बुचात सुई घातली. बाटली उघडली. "चाल वं लता, दंड काढ."

लताबाईनं पदर घट्ट ओढून घेतला. "नाही घेत."

"काहून वं?"

"तुमी घ्या पयले. मंग मी."

"बह्याड झाली काय? मागं लाईन आहे. चाल, दुसरी कोण आहे?"

दुसरीनंही पदर ओढला. तिसरी खिडकीबाहेर बघायला लागली. कन्हानच्या बायांना जीपमधून उतरताच सगळं सांगून झालं होतं. सगळ्या जणी ओळीनं बसलेल्या, पानं मांडलेली, आणि एकही हात लावायला तयार नाही! लताबाई भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाली, "बाटली उघडली आहे, सिस्टर. चार तास आहेत. आमाले काही घाई नाही. मंग जाईन नालीत सगळी."

सिस्टरचा चेहरा मी विसरणार नाही. आयुष्यात ज्या बाईनं भाताचं शीत वाया जाऊ दिलं नाही, तिला तिच्याच गुणानं कोंडीत पकडलं होतं. त्यांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, सांगा ना जी यायले काही!"

"मी काय सांगू? मी राज्याची समन्वयक. या केंद्रावर माझं कोण ऐकतं?"

"टोचणार कोण पण? जोडीदारीण तं सुटीवर आहे."

सगळ्या जणी माझ्याकडं बघायला लागल्या. हे मात्र मी धरलं नव्हतं. मी डॉक्टर आहे, नाही असं नाही. पण शेवटची सुई कधी टोचली होती, देव जाणे. कित्येक वर्षं माझ्या हातात फक्त कागद आणि फोन. हात धुतले, सिरिंज घेतली, आणि बोटं लटलट कापायला लागली. सिस्टर खुर्चीत बसल्या. बाही कधीचीच सैल, रोजच्या सुती ब्लाउजाची. त्यांनी बाही वर केली आणि माझ्याकडं पाहून हळूच म्हणाल्या, "हात कापून राहिला वं तुहा."

वं. तुहा. इतक्या दिवसांचं मॅडम आणि जी एका क्षणात गळून पडलं होतं.

"कापू दे," मी म्हटलं. "तुम्ही तिकडं बघा."

"मी काहून तिकडं पाहू? तू इकडं पाह्य. सरळ धर. हां. भिऊ नको. टाक आता."

टाकली. कापूस दाबला. "हात हलका आहे मॅडमचा!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्यानं म्हणाल्या. लताबाईनं टाळी वाजवली आणि तिचा पदर आपोआप खाली आला.

"आता अर्धा तास बसा, सिस्टर," मी म्हटलं. फार दिवसांपासून मला हे वाक्य त्यांना म्हणायचं होतं. त्या व्हरांड्यात जाऊन बसल्या आणि ती बाटली मी संपवली. दहातली एक त्यांची, बाकीच्या कन्हानच्या आणि लताबाई. सिस्टर बाहेरून मान वळवून वळवून बघत होत्या. "कापूस दाब वं! चोळू नको! नाव विचारलं का तिचं?" मध्ये त्यांनी पल्लवीला फोन लावला. मला फक्त इकडची बाजू ऐकू आली. "घेतली वं माय... खरंच घेतली... अवं रडतेस काहून?"  मी डोकावून पाहिलं, तर टोकाच्या खुर्चीवर बसून त्या संत्रं सोलत होत्या, आणि फोड तोंडात टाकायचं विसरून नुसत्या हातात धरून बसल्या होत्या. मला त्या क्षणी त्यांचा इतका लळा लागला, की पुढच्या बाईचं नाव मी खरंच विचारायचं विसरले.

त्याच दुपारी मी राज्यभरच्या सगळ्या गटांवर आवाजातला निरोप पाठवला. इस्त्रीची मराठी गुंडाळून ठेवली. "अवं बायांनो, आमच्या नागपूरच्या सिस्टर पयले जेवल्या. तुमी काहून उपाशी बसून राहिल्या? उद्या सकाळची पहिली सुई टोचणारीले. ती घेईन तवाच बाकीच्याईनं घ्यायची. नाही तं कोणाचंच पान उचलायचं नाही." पाठवला आणि मग घाबरले, वरचे साहेब काय म्हणतील. वरचे साहेब काही म्हणाले नाहीत, त्यांना बहुधा कळलंच नाही. पण दोन दिवसांनी रत्नागिरीहून फोन आला आणि पहिल्यांदाच उसासा नव्हता. "मॅडम, आमची वाढणारी जेवली हो." कोल्हापूरचे साहेब म्हणाले, "आमच्याकडं तर बायकांनी दरवाजाच अडवला. ती घेत न्हाई तवर कोण आत जाणार न्हाई म्हणाल्या." त्या आठवड्यात मी फोनवर जेवढी हसले, तेवढी त्या साऱ्या वर्षात हसले नसेन.

महिन्यानं दुसरा डोस. त्या सकाळी सिस्टर माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या. "चला जी, पयले माहं. मंग पंगत." आणि मग उन्हं तापायला लागली तेव्हा पल्लवी माहेरी आली. मला मुद्दाम बोलावलं होतं. ती रिक्षातून उतरली, पोट सांभाळत, आणि सिस्टर दारात आल्या आणि चार हातांवर थांबल्या. वर्षभराची सवय. पाय पुढं पडेना. त्या खालून वर बघायच्या ना गांधीबागेत, तसंच बघत राहिल्या. पल्लवी म्हणाली, "आई, आता ये ना वं." तेव्हा कुठं त्या पुढं झाल्या, आणि लेकीला धरून अशा रडल्या की रिक्षावाल्यानं भाडं मागितलं नाही, ते मी दिलं.

पुढं नागपुरानं काय पाहिलं ते कुणाला सांगायला नको. दुसरी लाट आली, आणि व्हरांडा, संत्री, गप्पा सगळं वाहून गेलं. सिस्टरना पुन्हा वॉर्डात जावं लागलं. त्यांना एकदा ताप आला, दोन दिवसांत उतरला, आणि घरातली पोटुशी पोरगी सुखरूप राहिली. लशीमुळं की नशिबामुळं, हे मी डॉक्टर असूनही छातीठोकपणे सांगणार नाही. पण भर उन्हाळ्यात पल्लवीला मुलगी झाली, माहेरी, आईच्या हाताखाली. माझ्यापुरता तो हिशेब तिथं पुरा झाला.

रविवारी काटोल रोडवर त्यांच्या घरी गेलो. नवराही आला, रोडग्यांचं नाव काढल्यावर तो न येता तर नवल. अंगणात गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे, आत गॅसवर वांग्याची भाजी, ओट्याजवळ काटोलचं खोकं. सिस्टर आता निवृत्त. पल्लवी आलेली. तिच्यापाशी बोलता बोलता सिस्टर म्हणाल्या, "मॅडमनं मले टोचलं तं आठ दिवस हात वर नव्हता जाऊन राहिला."

"म्हणजे? तुम्ही तर हात हलका म्हणालात!"

"अवं, सगळ्या पाहून राहिल्या होत्या ना! पळून गेल्या असत्या तं?"

इतकी वर्षं मी त्या हलक्या हाताचा अभिमान मिरवत होते. जाऊ दे.

पानं मांडली. आम्ही बसलो, आणि सिस्टर अर्थातच उभ्या, हातात भाजीचा डाव. अटीची आठवण करून दिली तर "बसते ना जी, दोन रोडगे आणते, मंग बसते." तेवढ्यात नात आली. स्वरा. शाळेत जायला लागलेली, आजीसारखाच भरपूर आवाज. हातात आगपेटीची काडी आणि कापसाचा बोळा. तिचा सध्याचा खेळ एकच, सुई टोचण्याचा. घरातल्या गोष्टी ऐकून ऐकून शिकली असणार. तिनं आम्हा सगळ्यांना पानावरून उठवून व्हरांड्यात ओळीनं बसवलं. माझ्या नवऱ्यानं हौसेनं बाही वर करून दंड पुढं केला.

"तुमाले नाही," ती म्हणाली. "पयले आजीले."

"अवं, पयले पाव्हण्यायले दे," आतून सिस्टर म्हणाल्या.

"नाही. तुले कामं आहेत ना? तुले पयले. ज्याले कामं त्याले पयले."

 राज्यभर फोन करून, सूचना काढून, संप घडवून जे आम्ही कसंबसं जमवलं, ते या पोरीला साध्या तर्कानं कळत होतं. सिस्टर बाहेर आल्या. डाव हातातच होता. तो त्यांनी पल्लवीकडं दिला, ओल्या हातानं बाही वर केली, आणि पोरीनं मन लावून काडी टोचली, कापूस दाबला. "झालं. आता अर्धा तास बस. उठू नको हां."

सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं. मग टोकाच्या खुर्चीवर, उन्हात, खरोखरच बसल्या. पल्लवी आजीपाशी खेळणाऱ्या पोरीला बघत उभी, डाव तसाच हातात. भाजी लागल्याचा वास यायला लागला होता. मी उठले, पल्लवीच्या हातून डाव घेतला, आत जाऊन गॅस बंद केला, आणि पहिलं पान सिस्टरचं वाढलं.